भस्माचा कण आणि देहातील पेशी : रसशास्त्रातील परीक्षांचा नव्याने अभ्यास

रसशास्त्राच्या पाठात भस्मपरीक्षा आपण सर्वांनीच मुखोद्गत केल्या आहेत. वारितर, रेखापूर्ण, उनम, निश्चंद्र, अपुनर्भव, निरुत्थ ही नावे परीक्षेत लिहून गुणही मिळविले. परंतु पदवी घेऊन दवाखाना थाटल्यावर आपल्यापैकी किती जण हातात आलेल्या पुडीवर या परीक्षा करतात, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत आमचे उत्तर 'करीत नाही' असेच होते. ते उत्तर बदलण्यास एक रुग्ण कारणीभूत झाला.

सेनगाव तालुक्यातील पन्नाशीचा एक शेतकरी यकृतवृद्धी व अग्निमांद्याची तक्रार घेऊन आमच्याकडे आला होता. आरोग्यवर्धिनी आम्ही त्या काळी स्वतःच्या दवाखान्यात थोड्या प्रमाणात करीत असू. त्यातील ताम्रभस्म मात्र बाहेरून घेतलेले होते. दुसऱ्या दिवशी रुग्णाचा मुलगा दारात उभा. वडिलांना रात्रीपासून वांती, चक्कर, छातीत दाह. औषध तत्काळ बंद केले, रुग्णास शेजारच्या रुग्णालयात दाखल करून सलाईन लावावे लागले. तो दोन दिवसांत सुधारला हे आमचे भाग्य. ग्रंथांत अशुद्ध ताम्राचे जे दोष सांगितले आहेत त्यांतील भ्रम, वांती आणि विदाह हे तिन्ही त्या एका रुग्णात दिसले होते. त्या रात्री आम्ही शिल्लक ताम्रभस्मातील चिमूटभर भस्म घट्ट दह्यात घालून काचेच्या वाटीत ठेवले. सकाळी वाटीच्या कडेने दही हिरवट निळे झालेले होते.

ज्यांच्याकडून ते भस्म आले होते त्यांना आम्ही दूरध्वनी केला. "डॉक्टरसाहेब, हाच माल सगळीकडे जातो, कोणाची तक्रार नाही," असे उत्तर मिळाले. त्यांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. दोष आमचाही होता. दह्याची ही परीक्षा आम्हास महाविद्यालयातच शिकविली होती, आणि तिला लागणारे दही घरातच होते.

यानंतर भस्माचा कण देहात शिरल्यावर नेमके काय होते, हे समजून घेण्याचा छंदच आम्हास लागला. या वाचनात आढळले की जैव-अभियांत्रिकी या नव्या शास्त्रात गेली काही दशके हाच विषय निराळ्या नावाने अभ्यासला जात आहे. तेथे भस्म नसते. तेथे बहुलकांचे, सिलिकाचे, सोन्याचे, अस्थिसदृश हायड्रॉक्सिॲपेटाइटचे सूक्ष्मकण असतात. पण प्रश्न तोच असतो : कण केवढा, आकार कसा, पृष्ठभाग कसा, आणि पेशी त्यास भेटल्यावर काय करते?

आधी मापाची कल्पना यावी. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. आपली तांबडी रक्तपेशी सात ते आठ मायक्रॉन व्यासाची. सामान्य जिवाणू एक-दोन मायक्रॉन लांबीचा. भक्षक पेशी, ज्यांना मॅक्रोफेज म्हणतात, त्या वीस मायक्रॉनच्या आसपास. ज्या कणाविषयी आपण बोलतो तो या मापपट्टीवर कोठे बसतो यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

भक्षक पेशींचा शोध कसा लागला ती हकिगत वाचनीय आहे. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक बारीक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला! या एका निरीक्षणातून भक्षणक्रियेचा सिद्धांत उभा राहिला आणि १९०८ साली त्यास पॉल अर्लिक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. आजही शल्य देहात राहिले तर भोवती जो पाक वा ग्रंथी होते तिच्या मुळाशी हीच पेशी आहे. कण मोठा असला की ती त्यास वेढते, अनेक पेशी एकत्र येऊन महाकाय पेशी बनतात आणि शेवटी तंतूंचे आवरण घालून त्यास बाजूला टाकतात. कण लहान असला की गिळते.

किती लहान? बहुलकांच्या गोलकांवर झालेल्या प्रयोगांत दोन ते तीन मायक्रॉनचे गोलक भक्षक पेशी सर्वाधिक वेगाने गिळतात असे आढळले. जिवाणूंचे मापही जवळपास तेच आहे, तेव्हा यात नवल नाही. पाचशे नॅनोमीटरहून लहान कणांना पेशी निराळ्या मार्गाने घेते. ती भक्षण करण्याऐवजी पडद्यास लहान खळगा पाडून भोवतालच्या द्रवासह कणाचे जणू पान करते. हा मार्ग भक्षक पेशींपुरता मर्यादित नाही. आतड्याच्या, यकृताच्या, रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींनाही तो खुला असतो. म्हणजे मायक्रॉनचा कण मुख्यत्वे भक्षक पेशीस भेटतो, नॅनोमीटरचा कण कोणत्याही पेशीस भेटू शकतो. बारीक कणाची व्याप्ती वाढते असे आपण म्हणतो त्यामागे हे एक कारण आहे. आणि बारीक कणाचा धोकाही याच कारणाने वाढतो, हे विसरता येत नाही.

आकाराचेही असेच. २००६ साली कॅलिफोर्नियातील चॅम्पियन व मित्रगोत्री यांनी केलेला प्रयोग आम्हास फार उद्बोधक वाटला. मित्रगोत्री हे मूळचे भारतीय, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थी. त्यांनी एकाच द्रव्याचे निरनिराळ्या आकारांचे कण केले आणि भक्षक पेशींसमोर ठेवले. लंबगोल चकतीस पेशीने टोकाकडून स्पर्श केला तर ती काही मिनिटांत आत गेली. तीच चकती सपाट बाजूने भेटली तर बारा तासांनंतरही पेशी नुसती पसरून राहिली, गिळू शकली नाही. द्रव्य तेच, वजन तेच, केवळ भेटीची बाजू निराळी.

अभ्रकभस्म निश्चंद्र असावे हा आग्रह येथे आठवतो. चंद्रिका म्हणजे अभ्रकाचे न मोडलेले सपाट पापुद्रे. ते प्रकाश परावर्तित करतात म्हणून चकाकतात. चंद्रिका उरली असेल तर पत्र्याप्रमाणे सपाट कण शिल्लक आहेत एवढे तर निश्चित होते. पूर्वाचार्यांनी मॅक्रोफेज पाहिला होता असा दावा आम्ही करीत नाही, आणि असे दावे जेथे छापले जातात ते लेख आम्ही अर्ध्यावर सोडतो. परंतु सचंद्र अभ्रकाच्या सेवनाचे दुष्परिणाम त्यांनी रुग्णांत पाहिले होते, आणि ते टाळण्यास सूर्यप्रकाशात करावयाची एक बिनखर्ची परीक्षा शोधली होती, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

कण पेशीत गेल्यावर काय होते, हा या अभ्यासाचा गाभा आहे. गिळलेला कण एका पिशवीत बंद होतो. ही पिशवी लायसोसोम नामक दुसऱ्या पिशवीस जाऊन मिळते. लायसोसोम म्हणजे पेशीचा जठर. त्यात अनेक पाचक द्रव्ये असतात आणि तेथील आम्लता पीएच साडेचार ते पाचच्या आसपास असते. जे पचेल ते विरघळते. जे पचत नाही ते तसेच पडून राहते. आणि जे विरघळताना विषारी अंश सोडते ते पेशीस आतूनच मारते. शेवटचा प्रकार विशेष लक्षात घ्यावा. धातूचा क्षार रक्तात सरळ आला तर पेशी त्यास पडद्यापाशी काही प्रमाणात अडवू शकते. कणाच्या रूपाने आलेला धातू मात्र पेशी स्वतःच आत घेते, आणि आम्लात तो विरघळू लागला की त्याचे आयन थेट तिच्या पोटातच मोकळे होतात.

आता दह्याची वाटी पुन्हा आठवावी. चांगल्या लागलेल्या दह्याचा पीएच चार ते साडेचारच्या दरम्यान असतो. लायसोसोमच्या आम्लतेच्या हा फार जवळचा आकडा आहे. ताम्रभस्म दह्यात रात्रभर ठेवून रंग पाहणे म्हणजे साधारण तेवढ्याच आम्लतेत त्यातून तांब्याचे आयन सुटतात की नाही, हे डोळ्यांनी पाहणे. आमच्या वाटीत ते सुटले होते. गंधकाने नीट मारण झालेल्या भस्मात तांबे मुख्यत्वे गंधकाशी बद्ध असते आणि ते संयुग अशा सौम्य आम्लात फारसे विरघळत नाही. पुटे कमी पडली, मर्दन अपुरे झाले, तर उरलेले मोकळे तांबे व त्याचे विद्राव्य क्षार आम्लात उतरतात. मोरचूद पोटात गेल्यावर वांती होते हे खेड्यातील मनुष्यही जाणतो, आणि मोरचूद हा तांब्याचाच विद्राव्य क्षार आहे. ताम्रासाठी सुरणाच्या कंदात अमृतीकरणाचा जो विधी सांगितला आहे तो आपल्याकडील कितीशा निर्मात्यांकडून आज होतो, हे त्यांनी आपल्या नोंदवह्यांत पाहावे.

सोन्याचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे, आणि येथे महाराष्ट्राने मोलाचे काम केले आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि गणेशखिंड येथील विद्यापीठ परिसरातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र यांच्या शास्त्रज्ञांनी मिळून २००५ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. रासायनिक प्रयोगशाळेचे मुरली शास्त्री आणि पेशी केंद्राचे रमेश भोंडे हे त्यातील ज्येष्ठ संशोधक. उंदराच्या भक्षक पेशींच्या एका संवर्धित वाणास त्यांनी सोन्याचे नॅनोकण दिले आणि निरनिराळ्या सूक्ष्मदर्शकांखाली कणांचा प्रवास पाहिला. पेशींनी कण पान करावे तसे आत घेतले, ते लायसोसोममध्ये जाऊन केंद्रकाभोवती गोळा झाले, पण पेशी मेल्या नाहीत. दाह उत्पन्न करणारी टीएनएफ-अल्फा व इंटरल्युकिन-१-बीटा ही द्रव्ये त्यांनी स्रवली नाहीत. उलट पेशींतील प्रक्षोभक प्राणवायूजन्य अणूंचे प्रमाण घटले. सोने लायसोसोमच्या आम्लात विरघळत नाही. म्हणून ते तेथे शांत बसून राहते.

हा निबंध हाती पडल्यावर आम्हास साहजिकच सुवर्णभस्म आठवले, आणि अनेक जाहिरातदारांनाही आठवले. म्हणून सावधपणे सांगतो. पुण्यातील कण हे प्रयोगशाळेत द्रवात तयार केलेले, अमिनो आम्लाचे आवरण असलेले कण होते. ते सुवर्णभस्म नव्हते. सुवर्णभस्मावरचा स्वतंत्र अभ्यास २००७ साली ऑस्ट्रेलियातील ब्राउन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यात भस्मातील सोने धातुरूपातच आणि सरासरी ५७ नॅनोमीटरच्या गोलसर कणांत असल्याचे दिसून आले. याच संशोधकांनी संधिशोथ निर्माण केलेल्या उंदरांवर कलिल सुवर्ण वापरून पाहिले होते. २०११ साली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील विली पॉल व चंद्रा शर्मा यांनी सुवर्णभस्म मानवी रक्ताच्या संपर्कात ठेवले. तांबड्या पेशी फुटल्या नाहीत. त्यांच्या नमुन्यातील स्फटिकांचे माप २८ ते ३५ नॅनोमीटर होते.

औषधनिर्मात्यांनी या दोन आकड्यांपाशी थांबावे. स्फटिकाचे माप आणि कणाचे माप ही दोन वेगळी मापे आहेत. क्ष-किरण विवर्तनाने जे माप मिळते ते स्फटिकाचे. प्रत्यक्ष चूर्णात असे शेकडो स्फटिक एकमेकांस चिकटून काही मायक्रॉनचे पुंजके झालेले असतात, आणि पेशीस भेटतो तो पुंजका. द्राक्षाचा मणी केवढा आणि घड केवढा, असा हा प्रश्न आहे. "आमचे भस्म नॅनो आहे" असे जो विक्रेता प्रयोगशाळेचा कागद दाखवून सांगतो त्यास विचारावे, हे माप मण्याचे की घडाचे? घडाचे माप लेसर किरणांच्या विकिरणाने काढता येते. दोन्ही अहवाल जवळ असतील तरच त्या वाक्यास अर्थ आहे.

जसदभस्माची कथा मधली आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत जयेश बेल्लारे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जसदभस्म हे नॅनोमापाचे कण असलेले जस्ताचे ऑक्साइड असल्याचे आणि त्यात प्राणवायूचे प्रमाण सामान्य ऑक्साइडपेक्षा किंचित उणे असल्याचे दाखविले. असा उणेपणा कणाच्या पृष्ठभागाचे गुण बदलतो, म्हणून जसदभस्म म्हणजे बाजारातील झिंक ऑक्साइडच, असे म्हणणाऱ्यांस हे एक उत्तर आहे. परंतु जस्ताचे ऑक्साइड लायसोसोममध्ये विरघळते. थोडे जस्त पेशीस हवेच असते, अनेक पाचक द्रव्यांचा तो घटक आहे. अधिक मात्रेत तेच जस्त पेशीस मारते. मात्रा गुंजेच्या अंशाने सांगण्याची आपली पद्धत अशा द्रव्यांत किती महत्त्वाची आहे हे वेगळे सांगावयास नको.

यापुढचा प्रकार विरघळत नाही आणि शांतही बसत नाही. स्फटिकरूप सिलिका फुप्फुसातील भक्षक पेशीने गिळली की तिच्या पृष्ठभागाने लायसोसोमची पिशवी फाटते. फाटलेल्या पिशवीची वार्ता पेशीतील एनएलआरपी-३ नामक यंत्रणेस लागते आणि इंटरल्युकिन-१-बीटा स्रवून दाह पेटतो. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्यास गिळते, तीही मरते. हे चक्र वर्षानुवर्षे चालते आणि फुप्फुसात तंतू वाढतात. ही यंत्रणा सिलिकाच्या संदर्भात २००८ साली स्पष्ट झाली. त्याआधी २००६ साली यूरिक आम्लाचे स्फटिक हीच यंत्रणा जागी करतात असे सिद्ध झाले होते. वातरक्ताच्या रुग्णाचा रात्री दोन वाजता ठणकणारा अंगठा म्हणजे सूक्ष्मकण व पेशी यांच्या भेटीचाच एक नमुना होय.

येथे औषधनिर्मात्यांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण ती कोणी सांगत नाही. जो कण मुखाने घेतल्यास निरुपद्रवी असतो तोच श्वासाने घेतल्यास घातक असू शकतो. अभ्रक, माती, शंख, धातू कुटणारा व चाळणारा कामगार दिवसभर त्या धुळीत बसतो. पाच मायक्रॉनहून लहान धूळ थेट वायुकोशांपर्यंत जाते, आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. कोरडे कुटणे शक्य तेथे टाळावे, भावनेच्या द्रवासह मर्दन करावे, चाळणाच्या जागी धूळ ओढणारा पंखा असावा आणि कामगारास रुमालाऐवजी योग्य मुखपट्टी द्यावी. भस्माची गुणवत्ता तपासणारे अनेक निर्माते आम्ही पाहिले. खल चालविणाऱ्याची छाती तपासणारे थोडेच.

मुखाने घेतलेला कण रक्तात पोहोचतो का, हा आक्षेप रास्त आहे. बहुतांश कण मळावाटे निघून जातात. परंतु लहान आतड्याच्या भिंतीत पायर नावाचे लसिकापुंज असतात. त्यांवरील एम पेशी आतड्यातील कण उचलून आतल्या भक्षक पेशींच्या हाती देतात. १९९० च्या सुमारास उंदरांवर झालेल्या प्रयोगांत दहा मायक्रॉनहून लहान कण या पुंजांत शिरतात, त्यांतील पाच मायक्रॉनहून मोठे तेथेच राहतात आणि त्याहून लहान कण भक्षक पेशींच्या पोटातून प्लीहा व अन्य लसिकाग्रंथींपर्यंत जातात असे दिसले. जो भाग जातो तो अल्प असतो. भस्माची अल्प मात्रा व दीर्घकाळ सेवन लक्षात घेता तोही दुर्लक्षून चालत नाही.

आता रेखापूर्णतेकडे पाहू. बोटाच्या रेषांमधील खाच मिलिमीटरच्या काही दशांशांची असते. तीत पन्नास मायक्रॉनचा कणही सहज बसतो. म्हणून रेखापूर्ण परीक्षा भस्म भरड नाही एवढेच सांगते, ते नॅनो आहे असे सांगत नाही. दाताखाली कचकच न लागणे ही परीक्षा त्याहून सूक्ष्म आहे. चॉकलेट तयार करणारे कारखानदार कण पंचवीस-तीस मायक्रॉनहून बारीक दळतात, कारण त्यापेक्षा मोठा कण जिभेला खरखरीत लागतो. म्हणजे आपली जीभ बोटापेक्षा तीक्ष्ण आहे. मात्र नाग, ताम्र व पारदाच्या कल्पांवर हा प्रयोग स्वतः करू नये.

वारितर परीक्षेचेही मर्म समजून घ्यावे. लोहाचे ऑक्साइड पाण्याहून पाचपट, सोने एकोणीसपट जड. तरीही भस्म तरंगते ते हलके झाले म्हणून नव्हे, तर कण इतका बारीक होतो की पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण त्यास पेलतो. तरंगणाऱ्या थरावर धान्याचा दाणा ठेवून तो बुडत नाही हे पाहणारी उनम परीक्षा याच ताणाची अधिक कठोर कसोटी आहे. यात एक पळवाट आहे. चूर्णास किंचित स्निग्धता असली की भरड कणही पाण्याने भिजत नाही व तरंगतो. भस्म तरंगले म्हणून समाधान मानू नये. त्याच्या जोडीस अपुनर्भव वा निरुत्थ ही परीक्षा हवी, कारण कणाची सूक्ष्मता आणि धातूचे रूपांतर या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत.

या स्वतंत्रतेचा फटका सर्वाधिक बसतो तो नागाच्या बाबतीत. शिशाचे ऑक्साइड जठरातील आम्लात विरघळते. कण जितका बारीक तितके लवकर. येथे सूक्ष्मता हा गुण नसून दोष ठरतो. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात आयुर्वेदीय म्हणून विकत घेतलेल्या गोळ्या सेवन करणाऱ्या सहा गर्भवतींच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले व ते तेथील शासकीय आरोग्य पत्रिकेत प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी २००४ साली बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारद वा सोमल आढळल्याचा सेपर व सहकाऱ्यांचा लेख अमेरिकन वैद्यक नियतकालिकात आला होता. त्यावर आपल्याकडे बराच क्षोभ झाला. धातूचे केवळ अस्तित्व मोजले, त्याचे रूप पाहिले नाही, हा आपला आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. पण तो आक्षेप घेण्याचा अधिकार ज्याने रूप स्वतः तपासले आहे त्यालाच. केंद्र शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनस्पतिज औषधांच्या प्रत्येक खेपेत शिसे १० पीपीएम, सोमल ३, पारद १ व कॅडमियम ०.३ या मर्यादा तपासणे सक्तीचे केले. रसकल्पांसाठी मात्र असा सरसकट आकडा लागू पडू शकत नाही, म्हणूनच तेथे वैद्याची व निर्मात्याची जबाबदारी अधिक. विषवर्गातील द्रव्ये असलेल्या कल्पांच्या लेबलावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे नियमाने बंधनकारक आहे. ती सूचना नसलेली पुडी दुकानात ठेवूच नये.

आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या हळदीचा उल्लेख न करता हा लेख पुरा होणार नाही. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जैव-अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत हळदीतील कर्क्युमिन हे फार आवडते द्रव्य आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि पोटात गेलेल्यापैकी फारच थोडे रक्तात टिकते. म्हणून ते बहुलकाच्या सूक्ष्मकणांत भरून देण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत. यातील सर्वपरिचित बहुलक लॅक्टिक व ग्लायकॉलिक आम्लांचे असते. देहात ते हळूहळू त्याच आम्लांत विघटित होते आणि आतील औषध आठवड्यांपर्यंत झिरपत राहते. अशा कणांतून संप्रेरक देणारे एक इंजेक्शन अमेरिकेत १९८९ पासून वापरात आहे. कर्क्युमिनचा आणखी एक सोयीचा गुण असा की ते निळ्या प्रकाशात स्वतःच हिरवे चमकते. त्यामुळे कण पेशीत शिरला की नाही हे पाहण्यास वेगळा रंग द्यावा लागत नाही. आपल्याकडे याला स्वस्त उपाय आहे. बंगळूर येथे १९९८ साली झालेल्या अभ्यासात दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर वीस मिलिग्रॅम पिपरिन दिल्यावर मनुष्यांत त्याची रक्तातील उपलब्धता वीसपट वाढल्याचे आढळले होते. पिपरिन मिरीत व पिंपळीत असते, आणि त्रिकटूशी हळदीची जोड आपल्याला नवी नाही.

हळदीच्याच संदर्भात एक इशारा. पिवळा रंग खुलविण्यासाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचे रंगद्रव्य, हळदीवर चढविण्याचा प्रकार बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर आढळला आणि तेथील गर्भवतींच्या रक्तातील शिशाशी त्याचा संबंध २०१९ साली दाखविला गेला. फार चकचकीत पिवळे हळकुंड स्वस्तात मिळाले तर निर्मात्यांनी ते तपासणीस पाठवावे. आपल्या जिल्ह्यात चांगली हळद दारात मिळते, दूरचे चूर्ण घेण्याचे कारण नाही.

अनुपानाविषयी थोडे बोलणे उरले. कण रक्तात किंवा आतड्याच्या रसात पडताच क्षणार्धात त्यावर प्रथिनांचे आवरण चढते. २००७ पासून यास प्रथिनांचे प्रभामंडल असे नाव आहे. पेशी कणास पाहत नाही, ती त्या आवरणास पाहते. आवरण बदलले की तोच कण एका पेशीस भक्ष्य वाटतो व दुसरीस परका. मध, घृत, दूध, लोणी यांत खललेल्या भस्माच्या कणावर प्रथम याच द्रव्यांचे आवरण चढत असणार. ते पोटातील आम्लात किती टिकते व त्याने पेशीची निवड बदलते का, हा प्रयोगाचा विषय आहे, आणि हा प्रयोग आपल्या महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी पुणे-मुंबईच्या संस्थांच्या साहाय्याने करण्याजोगा आहे. सुवर्णप्राशनाची शिबिरे पुष्य नक्षत्रावर गावोगावी होतात, शेकडो बालकांच्या मुखी ते थेंब जातात. त्यांतील भस्म कोणत्या खेपेचे, त्या खेपेत सोन्याबरोबर आणखी कोणते धातू होते, हे शिबिराच्या आयोजकांना विचारले असता बहुधा पत्रकातील छायाचित्रच पुढे केले जाते.

आमच्या दवाखान्यात आता प्रत्येक नव्या खेपेसाठी एक वही आहे. निर्मात्याचे नाव, खेपेचा क्रमांक, मिळाल्याची तारीख, वारितर, रेखापूर्ण, अभ्रक असल्यास उन्हातील निश्चंद्र, ताम्रयुक्त कल्प असल्यास दह्याची वाटी, रात्री आठ ते सकाळी आठ. वाटीशेजारी नुसत्या दह्याची दुसरी वाटी तुलनेसाठी असते, कारण उन्हाळ्यात दह्याचाच रंग फिरतो आणि आमचा एकदा गैरसमज झाला होता. गेल्या वर्षभरात दोन खेपा परत पाठविल्या. त्यांपैकी एका निर्मात्याने रागावून पुरवठा थांबविला, दुसऱ्याने पुटांची नोंद असलेली वही घेऊन स्वतः येण्याचे कबूल केले व तो आलाही. सेनगावचा तो शेतकरी अजून आमच्याकडे येतो. गोळी हातात घेतल्यावर मात्र प्रत्येक वेळी विचारतो, "दह्यात टाकून पाहिली का, डॉक्टर?"